भिंतीवरची हरकत

कॅल्गरी,
२० फेब्रुवारी २०११

ती. हेमदादास,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता बोलतोस. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

नंदनचं वर्षश्राद्ध पार पडलं. गुरुजी एडमंटनहून आले, हायवेवर बर्फ होतं म्हणून दुपार झाली. अनिशने सगळं मनापासून केलं. त्याची युनिव्हर्सिटी ठीक चालू आहे, ड्राइव्ह-वेवरचं बर्फ शोव्हल करायला मात्र अजून तीनदा सांगावं लागतं. घर खायला उठतं, पण ते आता किती वेळा सांगायचं.

लायब्ररीतलं काम हाच सध्या विरंगुळा. आमची शाखा चायनाटाऊनला लागून आहे. चीनमधल्या क्रांतीला यंदा शंभर वर्षं होतात म्हणून जुन्या चिनी वृत्तपत्रांचं प्रदर्शन मांडायचं ठरलंय आणि ते माझ्या गळ्यात पडलंय. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. मदतीला लाऊ म्हणून निवृत्त शिक्षक येतात. ते वाचून इंग्रजीत सांगतात, मी टिपून घेते आणि रात्रीपर्यंत तेच डोक्यात घोळत राहतं. दादा, त्या बादशाहीला सुरुंग लावणारी भांडणं इथे कॅनडातही छापली जात होती, हे तुला ठाऊक होतं का? १८९८ साली तरुण बादशहाने सुधारणा करायला घेतल्या, तर त्याच्या मावशीने त्यालाच महालात कोंडलं. सुधारक परदेशी पळाले आणि जातील तिथे वर्तमानपत्रं काढत गेले. जपानमध्ये छापलेले अंक चोरून चीनमध्ये जायचे. व्हँकुव्हरच्या चिनी वृत्तपत्रांमध्ये पुढे दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, बादशहा राहू दे, पण घटना द्या. दुसऱ्याचं म्हणणं, बादशहाच नको. आपले मवाळ आणि जहाल, दुसरं काय! लाऊंच्या वडिलांची इथे लाँड्री होती. रविवारी तिथे अंक मोठ्याने वाचला जायचा, कारण निम्म्या कामगारांना वाचता येत नसे. ऐकून भांडता मात्र सगळ्यांना यायचं.

आता खरं कारण. आपल्या इथल्या मराठी मंडळाकडून परवा पत्र आलं. वर ‘गं. भा. सुनेत्राताई’ असं लिहिलेलं. मंडळाच्या घटनेप्रमाणे एका कुटुंबाला एक मत आणि ते कुटुंबप्रमुखाने द्यायचं. नंदन गेला, तेव्हा आता कुटुंबप्रमुख चि. अनिश. यापुढे निवडणुकीचे सगळे कागद त्याच्या नावे येतील, म्हणजे या दुःखात मला उगाच त्रास नको! हे सगळं अगदी आपुलकीने लिहिलंय, दादा, रागवायलाही जागा ठेवली नाही. अकरा वर्षं मंडळाचं त्रैमासिक मी काढते. मंडळाचा एकही कागद माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय छापला जात नाही. आणि मत देणार वीस वर्षांचा मुलगा, ज्याला ते पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं.

अनिश आधी खूप हसला. मग माझा चेहरा पाहून म्हणाला, तू सांगशील त्याला मी व्होट करीन, व्हॉट्स द प्रॉब्लेम. मी त्याला सांगितलं की माझं मत मला कोणाच्या हाती पाठवायचं नाही.

वहिनींना नमस्कार. माझ्यावर आहे तेवढा लोभ राहू दे, पुढे त्याची परीक्षा होणार आहे.

तुझी,
सुनेत्रा


विंडसर,
९ मार्च २०११

चि. सुनेत्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी ऊर्मीने वाचलं, मग मला मिळालं, हा आमच्या घरचा शिरस्ता. प्लँटमध्ये पुन्हा दुसरी शिफ्ट सुरू झाली. मधली दोन वर्षं रोज सकाळी नोकरी आहे की गेली हे बघत काढली, आता जरा श्वास घेतोय. थंडीने माझा गुडघा धरलाय.

तुझं दुखणं कळलं. ती चूकच आहे. पण सुनेत्रा, लगेच पदर खोचून उभी राहू नकोस. तुमचे अध्यक्ष दिलीपराव माणूस वाईट नाहीत. नंदन हॉस्पिटलमध्ये असताना रोज कोणाच्या घरून डबा जाणार हे त्यांनीच बसवून दिलं होतं, हे तूच मला सांगितलं होतंस. अशा माणसाला गाठून नीट अर्ज द्यावा, चार बायकांच्या सह्या घ्याव्यात, सभेत विषय येऊ द्यावा. संस्था अशाच बदलतात. मी विंडसरच्या मंडळाचा इतकी वर्षं अध्यक्ष आहे, अनुभवाने सांगतो.

तुझे चिनी मवाळ मला आवडले. घटना मागत होते, कोणाची मुंडकी नव्हे. त्रैमासिकात लिहिणार असलीस तर त्यांची बाजूही नीट मांड. लहानपणी पत्त्यांत हरायला लागलीस की डाव उधळून द्यायचीस. आता पन्नाशी उलटली, पत्ते हातात धरायला शीक.

अनिशला आशीर्वाद. ऊर्मी म्हणते की लोणचं संपलं असेल तर कळव. रागाच्या भरातही आठवण ठेवत जा.

तुझा,
हेमदादा


कॅल्गरी,
१२ जून २०११

ती. हेमदादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. पत्ते हातात धरले. आता पुढचं वाच.

अर्ज लिहिला, इतका मऊ की माझाच मला ओळखू येईना. मंडळातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी सह्या केल्या. दिलीपरावांनी घरी बोलावलं, चहा दिला, चिवडा दिला, अर्ज दोनदा वाचला आणि विषय फार महत्त्वाचा आहे असं म्हणून अभ्यास समिती नेमली. समिती तीन वर्षांत अहवाल देणार. समितीत दिलीपरावांचे साडू, त्यांचे जावई आणि स्वतः दिलीपराव.

दादा, मला तिथेच हसू फुटलं, कारण आदल्याच आठवड्यात लाऊ मला हेच वाचून दाखवत होते. १९०८ साली चीनच्या दरबाराने जाहीर केलं की घटना देतो, पण नऊ वर्षांनी. मवाळ पत्रांनी तेही गोड मानून घेतलं. अर्ज छापले, सह्या छापल्या, पेकिंगला गेलेल्या शिष्टमंडळांच्या बातम्या छापल्या. शेवटी १९११ मध्ये मंत्रिमंडळ नेमलं गेलं, तर त्यात निम्म्याहून जास्त दरबारच्याच जातवाल्यांची भरती, आणि त्यातही राजघराण्यातले कितीतरी. त्या दिवशी मवाळांच्या वाचकांचा धीर सुटला. तू म्हणालास म्हणून मी मवाळांची बाजू फार सहानुभूतीने लिहिली. त्यांना जहालांनी हरवलंच नाही. त्यांना दरबाराने हरवलं.

त्रैमासिकासाठी लिहिलेल्या लेखाचा शेवटचा भाग हाच होता. लेखाखाली आपल्या अभ्यास समितीची नावं दिली, नात्यांसकट. टिप्पणी एका शब्दाची केली नाही. अंक छपाईला जाण्याआधी दिलीपरावांनी मागवून घेतला. आठवड्याने ईमेल आली की नंदनच्या जाण्याने मी थकलेली दिसते, तेव्हा संपादनाच्या कामातून मला विश्रांती देण्यात येत आहे. नव्या अंकात माझ्या लेखाच्या जागी रताळ्याच्या पाककृती आणि घरं विकणाऱ्या एका रिअल्टरची पानभर जाहिरात आहे.

आणि आता तुझं. मी दिलीपरावांना विचारलं की ही कुटुंबप्रमुखाची भानगड आपल्या घटनेत आली कुठून. ते अभिमानाने म्हणाले, अहो, तुमच्या बंधूंचीच देणगी! कॅल्गरीचं मंडळ सुरू झालं तेव्हा त्यांनी विंडसरची घटना मागवली, ती तू लिहिलेली, आणि नाव बदलून तशीच्या तशी उचलली. मार्चमध्ये तू मला अर्ज करायला सांगितलंस तेव्हा तुला हे माहीत होतं. तुझ्याच कलमाविरुद्ध मी अर्ज लिहीत बसले होते आणि तू मला मात्रा-वेलांट्या दाखवत होतास. मला फार लागलं, दादा. दिलीपरावांचं इतकं नाही लागलं.

शांघायमध्ये एखादं पत्र सरकारने बंद केलं की तीच माणसं थोड्याच दिवसांत नव्या नावाने दुसरं काढायची. मीही काढते आहे. चार पानं, घरचा प्रिंटर, नाव ‘हरकत’. वर्गणी नाही, रिअल्टर नाही, रताळी तर नाहीतच.

वहिनींचं लोणचं पोचलं. लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव, माझा आहे.

सुनेत्रा


विंडसर,
३ जुलै २०११

चि. सुनेत्रास,
आशीर्वाद.

मला राग आलाय आणि तो लपवत नाही.

विंडसरला आम्ही मंडळ काढलं तेव्हा एका बेसमेंटमध्ये मावतील एवढी कुटुंबं होतो. काही घरांत नवराबायको दोघंच, एका घरात भाऊ, भावजया, आईवडील मिळून सहा मोठी माणसं. माणशी मत दिलं असतं तर मंडळ त्या एका घराचं झालं असतं. म्हणून घराला एक मत. त्यात न्याय होता, आजही आहे. आणि घरातून एकच जण बोलणार तर कोण, याचा कोणी वाद घातला नाही. त्या बैठकीला बायकाही होत्या. ऊर्मीला विचार, ती तिथेच चहा करत होती. हरकत कोणी घेतली नाही.

दिलीपरावांनी घटना मागितली, मी पाठवली. वीस कामांत एक काम. ते कलम एक दिवस माझ्या बहिणीच्या दारात जाऊन उभं राहील हे मला कसं कळणार?

तुझ्या अंकात माझं नाव आणू नकोस. एवढं ऐक.

आणि एक सांगतो, मोठा भाऊ म्हणून. उणे तीसमध्ये गाडी बंद पडली, तुला ताप आला, अनिश परगावी गेला, तर दाराशी हीच माणसं येतील. या देशात मंडळ सोडून आपलं कोण आहे? तू त्यांनाच तोडायला निघालीस. मला त्या मताचं काही पडलेलं नाही, तू एकटी पडशील याची मला धास्ती आहे. रात्री झोप लागत नाही.

आई असती तर तिने तुला एक आणि मला दोन ठेवून दिल्या असत्या. जपून राहा.

हेमदादा


कॅल्गरी,
१६ ऑक्टोबर २०११

ती. हेमदादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर केला, कारण तुझं पत्र चार-पाच वेळा वाचलं. धास्तीचा परिच्छेद जास्त वेळा. तुझं खोटं नाही. नंदन गेला तेव्हाच हळदीकुंकवाची बोलावणी थांबली होती, आता घरोघरून डबे आणून जेवायच्या पॉटलकचीही थांबली. ग्रोसरीत एक बाई मला पाहून मसाल्यांच्या रांगेत वळल्या आणि कितीतरी वेळ हळदीचं पाकीट वाचत उभ्या राहिल्या. मला वाईट वाटलं, रडूही आलं गाडीत. पण सांग, ज्या घरात माझं बोलणं चालत नाही, त्या घरात मी एकटी नव्हते असं तू म्हणतोस?

गणपतीत ‘हरकत’चा पहिला अंक निघाला. तो वाटायला मला कोण देणार होतं! चायनाटाऊनमध्ये पूर्वी अंक भिंतीवर चिकटवायचे, ज्याला विकत घेणं जमत नसे तो उभ्याउभ्या वाचायचा. मी हॉलच्या वॉशरूमबाहेरची भिंत निवडली, कारण तिथे कायम रांग असते आणि रांगेतल्या माणसाला दुसरं काही करायला नसतं. आरतीच्या आधी कोणीतरी अंक फाडला. आरतीनंतर मी दुसरा लावला. तोही गेला. मग तिसरा लावला आणि त्याच्याशेजारी उभी राहून मोठ्याने वाचला, कारण मुलांना मराठी वाचता येत नाही आणि बायकांच्या हातांत प्रसादाच्या प्लेटी होत्या. दिलीपराव येऊन म्हणाले की निदान बाप्पासमोर तरी नको. मी म्हटलं, बाप्पा हॉलमध्ये आहेत, इथे वॉशरूम आहे. रांग हसली. तेही हसले, पण अंक काढायला सांगून गेले. मी काढला नाही.

तुझं नाव घातलं नाही. तुझं म्हणणं मात्र घातलं, घराला एक मत का न्याय्य, ते तुझ्याच शब्दांत, एकही ओळ न कापता, ‘एका मवाळ भावाचं उत्तर’ म्हणून. व्हँकुव्हरची दोन पत्रं महिनोन्‌महिने एकमेकांना अशीच उत्तरं देत होती आणि वाचक दोन्ही वाचत होते. सगळ्यांत जास्त वाचलं गेलं ते तुझंच. बरेच पुरुष मान डोलावत होते. नीलिमा माझ्या शेजारीच राहते, तिचा नवरा मिलिंदही डोलावत होता. मग नीलिमाने त्याला तिथेच विचारलं की आपल्या घरातून बोलणारा तूच, हे कधी ठरलं.

दादा, लाऊंनी मला शांघायचा एक खटला सांगितला. १९०३ साली दरबाराने एका वृत्तपत्राच्या माणसांवर खटला भरला. त्यातला एक तरुण तुरुंगातच मेला, आपल्या अनिशएवढा. तो ऐकून मी घरी आले आणि स्वतःशीच म्हटलं, सुनेत्राबाई, तुमचं काय जाणार आहे? पॉटलक! मग भिण्यासारखं काही उरलं नाही.

६ नोव्हेंबरला सर्वसाधारण सभा आहे. प्रत्येक प्रौढ सभासदाला मत, असा ठराव येतोय. ठराव मांडायला मतदार लागतो, तेव्हा अनिश मांडणार आणि मिलिंद अनुमोदन देणार. अनिशला मी गळ घातलेली नाही, तो आपणहून आला आणि ठरावाचं मराठी रोमन लिपीत लिहून घेऊन पाठ करत बसलाय. ठरावाला दोनतृतीयांश मतं लागतात आणि ती सगळी कुटुंबप्रमुखांची.

दिवाळीच्या शुभेच्छा. रुसवा असला तरी फराळावर काढू नकोस.

तुझी,
सुनेत्रा


कॅल्गरी,
८ नोव्हेंबर २०११

ती. हेमदादा व सौ. वहिनी,
सा. न. वि. वि.

हरलो. चार मतं कमी पडली.

सेक्रेटरींनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. कुटुंबाचं नाव पुकारायचं आणि प्रमुखाने हजर म्हणायचं. मिलिंदच्या घराचं नाव आलं, तर तो तोंड उघडायच्या आत नीलिमा हजर म्हणाली. त्यानंतर प्रत्येक दुसऱ्या घरातून बाईच बोलायला लागली. सेक्रेटरींचा पेन थांबला. दिलीपरावांनी जाहीर केलं की फक्त पुरुषांच्या हजऱ्या धरल्या जातील. हे ऐकल्यावर कोपऱ्यात पेंगणारेही जागे झाले. नुकसान झालं असेल तर ते तिथे त्यांचं झालं.

अनिशने ठराव मांडला. उच्चार तू ऐकले असतेस तर डोळे मिटून घेतले असतेस. शेवटी कागद खिशात घालून आपल्याच धेडगुजरीत म्हणाला की घर गरम ठेवणारा फर्नेस बंद पडला की तो आईला हाक मारतो, इन्शुरन्सचा फोन आला की आईला देतो, तेव्हा हेड ऑफ द फॅमिली म्हणून त्याला उभं करणं ही सगळ्यांची फसवणूक आहे. मतदान झाल्यावर त्याने कुटुंबप्रमुखपदाचा राजीनामा दिला. असं पद सोडायची तरतूद घटनेत नाही, दादा. सेक्रेटरी पानं उलटत बसले.

आमच्या घराला आता मतही नाही आणि प्रमुखही नाही. ‘हरकत’चा पुढचा अंक तयार आहे. १९११ च्या वसंतात कँटनचा उठाव फसला, कितीतरी पोरं मेली, आणि पत्रांनी तो पराभव जगभर छापला. सहा महिन्यांत बादशाही कोसळायला लागली. माझा पराभवही मी पहिल्या पानावर घेतलाय.

तुम्ही दोघं आपापल्या परीने माझे आहात, तसेच राहा.

सुनेत्रा


विंडसर,
२८ नोव्हेंबर २०११

प्रिय सुनेत्रावन्संना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र आधी कोणीच वाचलेलं नाही. यांनी विचारलं कोणाला लिहितेस, मी सांगितलं तुमच्या बहिणीला.

काल आमच्या मंडळाची सभा झाली. हे खुर्चीवर होते. मी तुम्ही ईमेलने पाठवलेले ‘हरकत’चे सगळे अंक प्रिंट करून हॉलच्या दारावर चिकटवले होते. यांनी येताना पाहिले, पाय पुसले आणि आत गेले. ऐनवेळचे विषय आले तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं की मला ठराव मांडायचा आहे. यांनी शांतपणे निर्णय दिला की सभासदाच्या पत्नीला सभेला बसता येतं, ठराव मांडता येत नाही. मी म्हटलं, घटना केलीत तेव्हा मी चहा करत होते, मला कोणी विचारलं नव्हतं. आज विचारा. यांनी मला बसायला सांगितलं.

वन्सं, मी बसले नाही. भांडले नाही, आवाज चढवला नाही, नुसती उभी राहिले. यांनी पुढचा विषय घेतला, पार्किंगचा. मी उभी. मग प्रमोदिनीबाई उभ्या राहिल्या, सत्तरी उलटलेल्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या. खुर्चीला धरून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. मग एकेक जणी. पुरुष पार्किंगवर बोलत होते, पण मागच्यांना पुढचं काही दिसेना आणि पुढच्यांना मागे वळून बघायचा धीर होईना. तुमच्या दादांचा चेहरा मला इतक्या वर्षांत असा कधी दिसला नव्हता. मला त्यांची दया आली, खोटं कशाला सांगू. तरी मी बसले नाही. शेवटी त्यांनी सभा तहकूब केली.

गाडीत त्यांनी विचारलं, पाय दुखतात का. मी म्हटलं, हो, फार. ते म्हणाले, तहकूब सभा जानेवारीत आहे, मीच अध्यक्ष असणार, आणि नियम बदलेपर्यंत माझा निर्णय हाच राहील. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. मग आज सकाळी मी प्रमोदिनीबाईंना घेऊन दुकानात गेले आणि आम्ही दोघींनी खूप वेळ उभं राहता येईल असे बूट घेतले.

हे छापायचं असेल तर माझ्या पूर्ण नावाने छापा. अनिशला पोटभर आशीर्वाद. माया आहेच, आता सोबतही धरा.

तुमची,
ऊर्मी